लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं एलईडीचं सामान आणि माझा छोटा रीफ टँक

तयार रीफ लाइटचे भाव ऐकून दोन फुटी रीफ टँकसाठी (खाऱ्या पाण्यात कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवायचा टँक) शेवटी घरीच बनवायचं ठरवलं, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या एका छोट्या दुकानातून सगळं घेतलं. ३ वॅटचे ८ रॉयल ब्ल्यू (४५० नॅनोमीटर), ४ कूल व्हाइट, हीटसिंक (एलईडीची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा), ४८ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि मीन वेल कंपनीचा एलडीडी-७००एच ड्रायव्हर. हा ड्रायव्हर म्हणजे खरं सोनं आहे, करंट ७०० मिलिअँपिअरला स्थिर ठेवतो, १२ एलईडी एकाच सिरीजमध्ये साधारण ४० व्होल्टवर आरामात चालतात आणि पीडब्ल्यूएमने (वीज झपाट्याने चालू-बंद करून) डिम पण होतात. दुकानातल्या काकांनी एकेक एलईडी पेटवून दाखवला, घाई नाही काही नाही. फक्त एलईडी आणि हीटसिंकच्या मध्ये लावायची थर्मल पेस्ट सुकलेली निघाली, दुसरी आणावी लागली, पेस्टशिवाय अजिबात लावू नका, एलईडी तापून जातो. कोरलमधल्या शेवाळाला निळा उजेड जास्त लागतो म्हणून निळे डबल घेतले. सुरुवात ३० टक्क्यांवर करा, एकदम फुल्ल केलं तर कोरल पांढरे पडू शकतात. एलईडीच्या खाली अ‍ॅक्रिलिकची शीट हवीच, खारं पाणी उडतं. दीड महिना झाला, झोअँथस (फुलासारखे उघडणारे कोरलसारखे छोटे जीव) रोज पूर्ण उघडतात आणि हिरवा रंग असा काही चमकतो की आई पण संध्याकाळी टँकसमोर येऊन बसते.