बाजारातला टाकीचा फ्लोट, आठ महिन्यांनंतर: माल बरा, अर्थिंगची बोंब

कळंबोलीतून साडेआठशेला घेतलेला 10-180 ओहमचा फ्लोट (टाकीतलं डिझेल किती ते डॅशबोर्डवरच्या काट्याला कळवणारा सेन्सर) जुन्या दहाचाकी ट्रकच्या 200 लिटरच्या टाकीत बसवून आठ महिने झाले. तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर 'पैसे पाण्यात' एवढ्यावरच आटोपलं असतं. आता मत बदललंय, पण अर्धंच.

भर पावसाळ्यात काटा पाव टाकी दाखवतोय आणि गाडी उरण फाट्याजवळ कोरडी. डिझेल संपलं की नुसतं ओतून भागत नाही, लाइनमधली हवा काढत हॅण्डपंप मारत बसावं लागतं. दुकानदाराच्या मते डॅशबोर्डवरचं डिझेल मीटर गेलं, वायरमनच्या मते फ्लोट गेला. दोन्ही शाबूत निघाले.

खोट होती अर्थमध्ये, म्हणजे करंट चेसिसमधून बॅटरीकडे परत जायच्या वाटेत. या फ्लोटला पिन एकच, सिग्नलची. अर्थ मिळणार तो फ्लँजच्या, म्हणजे फ्लोट टाकीवर बसवायच्या गोल चकतीच्या, पाच स्क्रूंमधून. फ्लँजखाली कॉर्कचं पॅकिंग, टाकीला रंग, टाकीखाली रबराची पट्टी, वरून आवळलेले पट्टेही रंगवलेले. चेसिसपर्यंत लोखंडाला लोखंड धड टेकतच नाही. नव्याने बसवलं की कसंबसं चालतं, बंदराकडच्या खाऱ्या हवेत एका पावसात स्क्रूखाली गंज धरतो.

आता गंमत बघा. या जातीच्या फ्लोटमध्ये रिकाम्या टाकीला 10 ओहम, भरलेलीला 180. अर्थ बिघडला की त्याचे ओहम वर चढतात आणि काटा जास्त डिझेल दाखवतो. 240-33 वाल्या जातीत (रिकाम्याला 240, भरलेलीला 33) उलटं, तिथे तोच बिघाड डिझेल कमी दाखवतो. ते परवडलं, निदान माणूस पंपावर तरी जातो. शिवाय खड्ड्यात गाडी आदळून अर्थ क्षणभर नीट लागला की काटा धाडकन खाली येतो आणि मालक ड्रायव्हरवर डिझेलचोरीचा आळ घेऊन मोकळा.

तपासायचं असं. सिग्नलची वायर काढून चावी ऑन करा: काटा फुलच्या पार गेला पाहिजे. तीच वायर दोन सेकंद चेसिसला टेकवा: काटा रिकाम्याकडे आला पाहिजे. दोन्ही झालं तर मीटर आणि वायरिंग ठीक. पिनला टेस्ट लॅम्प किंवा थेट 24 व्होल्ट कधीही लावू नका. रिकाम्या टाकीत 10 ओहमवर ते 2.4 अँपिअर होतात, बारीक तारेची गुंडाळी तिथेच जळते, आणि टाकीच्या तोंडाशी ठिणगी कुणाला हवीय?

मग बॅटरीचा कट-ऑफ बंद करून, वायर सुटी ठेवूनच मल्टिमीटर लावा. इथे पिन ते फ्लँज 12 ओहम आले, पिन ते चेसिस 51. मधले 39 फुकटचे. त्यातले 31 फ्लँज ते टाकी, 8 टाकी ते चेसिस. 10 ते 180 या 170 ओहमच्या पट्ट्यात 39 म्हणजे ढोबळ मानाने 46 लिटर, जे फक्त काट्यावर होतं.

इलाज चाळीस रुपयांचा. दीड चौरस मिमीची वायर, तिच्या टोकाचा एक लग (भोकाची धातूची चकती) फ्लँजच्या स्क्रूखाली, दुसरा चेसिसच्या बोल्टला. रंग खरवडून चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, वर ग्रीस. फरक एका ओहमच्या आत आला आणि तेव्हापासून टाकीत मापपट्टी घालून मोजलं तरी काटा पाच-सात लिटरच्या पलीकडे चुकलेला नाही. साडेआठशेच्या मालाकडून याहून जास्त अपेक्षा नव्हती.

म्हणून फ्लोटला दोष देणं थांबवलं, पण बनवणाऱ्याला माफी नाही. दुसरी पिन द्यायला किती खर्च येतो? खोक्यावर ओहमही छापलेले नाहीत, त्यामुळे काउंटरवरच मल्टिमीटर लावून दांडी हाताने सावकाश फिरवून बघा. आकडा मध्येच तुटला तर परत द्या. जुना काढताना त्याचा तरंगणारा गोळा कानाशी हलवून बघा, आत डिझेल डचमळलं तर तो बुडणारच.

सोबतचं कॉर्क पॅकिंग सहाव्या महिन्यात पाझरायला लागलं, टाकी गळ्यापर्यंत भरली की फ्लँजभोवती ओल दिसायची. नायट्राइल रबराचं घातलं. पाच भोकांतलं एक मुद्दाम सरकवलेलं असतं, पॅकिंग आधी स्क्रूंवर जुळवून घ्या, नाहीतर आवळताना फाटतं.