स्प्रिंगबारचा कॅनव्हास टेंट: जड आहे पण जागचा हलत नाही

युटाहमध्ये राहतो, वर्षातून चार-पाच वेळा कॅम्पिंग होतंच. आधीचा नायलॉनचा टेंट (कंपनीचं नाव जाऊ दे) मोआबच्या वाऱ्यात रात्री दोनला असा काही आडवा झाला की आम्ही चौघं गाडीत झोपलो. मग घरच्यांची बोलणी खात हा महागडा स्प्रिंगबार घेतला.

कंपनी सॉल्ट लेक सिटीचीच, १९४४ मध्ये जॅक कर्कहॅम यांनी सुरू केली, तेव्हा नाव होतं एएए टेंट अँड ऑनिंग, म्हणजे तंबू आणि दुकानांच्या पुढचे कापडी छज्जे. पुढे ६० च्या दशकात त्यांचा स्प्रिंगबार आला आणि तेच आता कंपनीचं नाव झालंय. आयडिया साधीच आहे राव, आधी तळाचे कोपरे खुंट्या ठोकून ताणून घ्यायचे, मग छताचे लवचिक दांडे अडकवायचे, शेवटी खांब उभे केले की अख्खं कापड ढोलकीसारखं टणटणीत. दोऱ्यांचं जंजाळ नाही, मी एकटा लावतो.

वजन मात्र वीस किलोच्या वर, पाठीवर घेऊन ट्रेकला जायचं असेल तर विसरा. आणि नवीन असताना एकदा पाण्याने पूर्ण भिजवून वाळवा, सुती धागे फुगून शिवणीची भोकं बुजतात. ओला गुंडाळून ठेवू नका! मी आळस केला, आठवड्याभराने उघडला तर कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके आणि गोणपाटासारखा कुबट वास, ठिपके अजून तसेच आहेत, चूक माझीच.