आरोग्य सेतू: वर्षभर वापरल्यानंतर

करोना रुग्णाच्या संपर्कात आलात का ते कळवणारं हे सरकारी ॲप आलं २ एप्रिल २०२० ला, माझ्या फोनमध्ये गेलं मे महिन्यात. हौसेने नाही. केंद्राच्या १ मेच्या आदेशात खासगी नोकरदारांनाही सक्ती होती, आणि नाशिकला अंबडमध्ये आमच्या कंपनीच्या गेटवर ॲपमधला हिरवा रंग, म्हणजे धोका नाही, दाखवल्याशिवाय वॉचमन आत सोडेना. १७ मेला केंद्राने सक्ती सैल केली. आमच्या गेटवर ती बातमी पोचायला दिवाळी उजाडली.

मराठीत होतं, सोपं होतं. खोकला, ताप, प्रवास असे प्रश्न विचारायचं. तक्रार नाही.

खरं काम ब्लूटूथचं. दोन फोन जवळ आले की एकमेकांचा सांकेतिक क्रमांक टिपून ठेवायचे. पुढे एकजण पॉझिटिव्ह निघाला की दुसऱ्याला कळवता यायचं. पण त्यासाठी दोघांचंही चालू लागायचं. दहातल्या चौघांनीच चालू ठेवलं, तर भेटीची नोंद होण्याची शक्यता शंभरात सोळा. आमच्याकडे गेट ओलांडलं की बॅटरी उतरते म्हणून बऱ्याच जणांचं ब्लूटूथ बंद. मे २०२० मध्येच देशात दहा कोटींनी ॲप घेतल्याची बातमी होती. त्यात आमची अख्खी शिफ्ट धरलेली असणार! शेजारच्या आजींकडे बटणांचा फोन. त्यांच्यासारख्यांसाठी १९२१ हा नंबर होता, पण त्यावर लक्षणं सांगता यायची, कोण जवळ येऊन गेलं ते नाही.

माहिती सरकारकडे जाईल, ही चर्चा पेपरात फार झाली. ॲप आतून काय करतं ते कुणालाही तपासता यावं म्हणून २६ मेला अँड्रॉइडचा कोडही खुला केला. आमच्या कॉलनीत मात्र दिल्लीची भीती कुणालाच नव्हती. भीती होती ती बांबूंची: रुग्ण म्हणून नाव लागलं की बांबू ठोकून गल्ली सील, आणि मग दूधवाल्यापासून सगळे तोंड फिरवणार. ते भय कुठल्या कोडने जाणार?

२०२१ च्या मार्चअखेर नाशिकच्या मेन रोडला गर्दी रोखायला म्हणून बाजारात शिरायची पाच रुपयांची पावती आली, तासाभराची. जास्त थांबलं तर पाचशे दंड होता. तिथे फोनमधलं ॲप कोणी विचारलं नाही.

तरी वर्षभरात काढून टाकलं नाही. लसीची नोंदणी यातूनही होत होती, वडिलांची केली. पाचपैकी अडीच तारे. ब्लूटूथ चालू ठेवायचं तर बॅटरी सेव्हरमधून हे ॲप वगळावं लागायचं, नाहीतर स्क्रीन बंद झाली की बरेच फोन त्याला परस्पर बंद करायचे.