संत्र्याच्या बागेतील सौर प्रकाश सापळा: एका हंगामाचा अनुभव

आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची फळे सप्टेंबरात रंग धरू लागली की आमच्या वरुड भागातील बागांत फळगळ वाढते आणि त्यातील बरीचशी गळ रस शोषणाऱ्या पतंगामुळे होते. गळलेले संत्रे हातात घेऊन दाबले, तर सालीवरील टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून रसाचा थेंब वर येतो; पुढे त्याभोवती तपकिरी डाग पसरतो आणि फळ सडते. या पतंगाचा बंदोबस्त होईल या आशेने मी गेल्या हंगामात ३ हजार ८०० रुपयांचा सौर प्रकाश सापळा घेतला.

सापळ्याची बांधणी साधी आणि मजबूत आहे. माथ्यावर सौर पॅनेल, त्याखाली निळसर-जांभळ्या प्रकाशाचे एलईडी, त्याखाली पाण्याची परात, आणि हे सर्व लोखंडी नळीवर बसवलेले असल्यामुळे एकटा माणूस तो उचलून दुसऱ्या ओळीत रोवू शकतो. अंधार पडताच दिवा आपोआप लागतो. परात मात्र फारच उथळ आहे. सप्टेंबरातील एका जोरदार सरीत पाणी काठावरून वाहून गेले आणि रात्रभराचे कीटकही त्याबरोबर गेले.

पहिले तीन आठवडे मी रोज सकाळी परातीतील पाणी जुन्या चहाच्या गाळणीने गाळून त्यात काय सापडले ते पाहत असे. तुडतुडे, पंखवाल्या मुंग्या, बारीक पतंग आणि भुंगेरे यांचा खच असे. त्यातच नाजूक हिरव्या पंखांचे क्रायसोपाही असत, ज्यांच्या अळ्या मावा आणि सायला या रस शोषणाऱ्या बारीक किडींची पिल्ले खातात. ज्याच्यासाठी सापळा घेतला, तो पतंग या तीन आठवड्यांत चारच वेळा सापडला. त्याचे वरचे पंख वाळलेल्या पानासारखे आणि खालचे नारिंगी, त्यावर काळा ठिपका असल्यामुळे ओळखण्यात चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. याच काळात एका रात्री नऊच्या सुमारास मी बॅटरी घेऊन बागेत गेलो, तेव्हा सापळ्यापासून चौथ्याच झाडावर सहा पतंग फळांना सोंड लावून बसले होते आणि उजेडात त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकत होते.

याचे कारण पतंगाच्या स्वभावातच आहे. त्याला ओढून आणतो तो पिकत्या फळाचा वास. दिव्याचे आकर्षण त्याला फारसे नाही. जपानमधील फळबागांत तर अशा पतंगांना फळांपासून दूर ठेवण्यासाठी रात्री पिवळे दिवे लावतात. शिवाय त्याची अळी संत्र्यावर वाढतच नाही, ती गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते. करोनाच्या काळात काढ्यासाठी आमच्याकडे अनेकांनी कुंपणावर हौसेने गुळवेल चढवली, त्यात मीही होतो. म्हणजे पतंगाची पैदास कुंपणावर मीच करत होतो आणि बागेत त्याच्यासाठी दिवा लावत होतो.

सापळ्यासोबतच्या माहितीपत्रकात ‘लिंबूवर्गीय फळझाडांवरील सर्व किडींचे नियंत्रण’ असे छापलेले आहे. ते सरळसरळ दिशाभूल करणारे आहे. सायला आणि काळी माशी दिवसा फिरतात, त्यांच्यावर नजर ठेवायला पिवळे चिकट सापळे लागतात. साल खाणाऱ्या अळीसाठी खोडावरील जाळी खरवडून छिद्रात तार घालावी लागते. विक्रेत्याबद्दलही फार चांगले लिहिता येत नाही. चौथ्या महिन्यात सापळ्याची बॅटरी बसली आणि ती हमीच्या मुदतीत असूनही बदलून मिळायला दीड महिना गेला.

एका कामात मात्र हा सापळा चोख ठरला. यंदा जूनमध्ये पहिल्या पावसानंतर बागेच्या कडेच्या कडुनिंबाजवळ तो लावला, तेव्हा सलग आठ-दहा संध्याकाळी हुमणीच्या, म्हणजे जमिनीत पिकांची मुळे खाणाऱ्या अळीच्या, भुंगेऱ्यांनी परात भरत होती. दिवा सात ते दहा एवढाच वेळ पुरतो, कारण रात्रभर चालू ठेवला तर मित्रकीटकच जास्त मरतात. पण त्यासाठी लागणारा टायमर या सापळ्यात नाही, त्यामुळे रोज दहाला उठून बटण बंद करावे लागते. या किमतीत टायमर असायलाच हवा होता.

सध्या सापळा धाकट्या भावाच्या हळदीच्या शेतात आहे. बागेत मी संध्याकाळी ओल्या पालापाचोळ्याचा धूर करतो, गळलेली फळे रोज वेचून खड्ड्यात पुरतो, आणि कुंपणावरील गुळवेल मुळासकट काढायला दोन मजूर लावले आहेत.