मिरजेतली खानावळ, वर्षभर जेवल्यावर

मी गोंदियाची, मिरजेच्या सरकारी मेडिकलला इंटर्न. महाराष्ट्र एक्सप्रेसनं घर एका दिवसाहून लांब, त्यामुळे यंदाची दिवाळी वॉर्डातच गेली. वर्षभर जेवले ते गल्लीतल्या काकूंकडे. आम्ही धानाच्या मुलखातले, दोन्ही वेळ भात खाणारे; इथल्या ज्वारीच्या भाकरीची सवय व्हायला महिना लागला. आता शेंगदाण्याच्या चटणीशिवाय घास उतरत नाही. रविवारची भाजी मात्र फार तेलकट असते. लेबर रूमची रात्रपाळी असली की काकू डबा फडक्यात घट्ट बांधून द्यायच्या, वर लिंबाची फोड. पहिलं बाळंतपण स्वतःच्या हातानं केलं, त्या पहाटे चारला तो गार डबा उघडला. आईला फोन लावला, तर म्हणाली, ‘आधी जेव गं.’