नाकाचं ऑपरेशन: टाके काढणाऱ्या सिस्टरना पैकीच्या पैकी, रिसेप्शन काठावर पास

नाकाचं ऑपरेशन करून घ्यायचं असेल तर भिंतीवरचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो जरूर बघा, पण डॉक्टरांना विचारायचं ते मधल्या दिवसांबद्दल. ड्रेसिंग कोण करणार, टाके कोण काढणार, रात्री फोन कोण उचलणार? ऑपरेशनच्या वेळी मी भुलीत होते, त्यावर काय बोलणार! पुढचं सगळं जागेपणी सोसलं, म्हणून हे त्याचं परीक्षण.

मी साताऱ्याची, गणिताच्या शिकवण्या घेते. नाकाच्या मधोमध चांगला ठसठशीत उंचवटा होता. पेशवाई नाक म्हणून मावश्यांनी कौतुक केलं, पोरांनी पोपट म्हटलं. चाळिशी ओलांडल्यावर स्वतःच्या पैशाने तो उंचवटा काढायचं ठरवलं आणि पुण्यात भावाकडे मुक्काम ठोकला. नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीवर बारीक छेद देऊन, वरची कातडी उचलून हाड तासलं आणि शेंड्याची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, आवळली. छेदाला बाहेरून नायलॉनचे टाके, नाकाच्या आतून विरघळणारे, आणि वर कडक स्प्लिंट, म्हणजे नाकाला आधार देणारा साचा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी माझं तोंड बघून आईला देवच आठवले. डोळ्यांखाली जांभळं, पापण्या फुगलेल्या, तोंडाने श्वास घेऊन घशाला कोरड. उशांचा डोंगर करून डोकं उंच ठेवून झोपायचं, नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची. सूचना चोख होत्या, पण छापलेला कागद संपूर्ण इंग्रजीत! माझं सगळं करणारी आई, जुनी सातवी पास. तिने आपल्या मनाने वाफेचं पातेलं चुलीवर चढवलं होतं. फोनवर सिस्टरनी तिला मराठीत समजावलं की इतक्यात गरम वाफ घेतली तर रक्त येऊ शकतं, आणि नाकात हळद-तूपही घालायचं नाही, फक्त दिलेला सलाईनचा फवारा मारायचा. पुण्यातल्या दवाखान्यात एक कागद मराठीत छापायला काय हरकत आहे?

एका रात्री नाकपुडीतून काळसर धाग्याचं टोक लोंबताना दिसलं. टाका उसवला म्हणून माझे हातपाय गळाले. रिसेप्शनचा नंबर अर्थातच बंद. सुदैवाने ड्यूटीवरच्या डॉक्टरांचा नंबर फाइलवर होता. त्यांनी फोटो मागवला आणि लगेच सांगितलं, आतला विरघळणारा टाका आहे, ओढू नका, आपोआप गळेल. गळलाही. हे वाक्य त्या इंग्रजी कागदावरसुद्धा नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

बाहेरचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढतात. जास्त ठेवले तर टाक्यांचेच वण उरतात. मला अकराची वेळ दिली होती, आत घेतलं दीड वाजता. त्या दोन-अडीच तासांत कुणी साधं येऊन काही सांगितलं नाही. पण आत गेल्यावर सगळा राग उतरला. सिस्टरनी आधी खपलीवर सलाईनचा ओला बोळा धरून ठेवला. कोरडी खपली ओढली की ती जखमेसकट निघते, म्हणाल्या. मग डोक्यावरचा दिवा वळवला, बारीक चिमट्याने गाठ उचलली आणि कातडीच्या अगदी लगत कात्री लावली. धागा पापणीच्या केसाएवढा. तो बाहेरच्या बाजूला न खेचता जखमेवरून आडवा काढायचा, म्हणजे नुकतीच जुळलेली कड फाकत नाही, हेही सांगितलं. दुखलं म्हणावं असं नाही, पण दर टाक्याला डोळ्यांतून धार. ‘रडताय की नाक रडतंय?’ त्यांनी विचारलं आणि मला हसू आलं. हसायची मात्र चोरी, वरचा ओठ अजून आखडलेला. शेवटी मलमाचा पुसट हात आणि कागदी पट्टी.

पडल्या पडल्या भावाने वाचून दाखवलेलं आठवलं. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं, ती हकीकत लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये १७९४ साली छापून आली. त्यात टाके नव्हतेच! ओला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून चार दिवस ठेवल्या, मग तुपात भिजवलेलं कापड. म्हणजे आमच्या आईचं तूप अगदीच कुठून तरी आलेलं नव्हतं.

त्याच दिवशी स्प्लिंटही काढला. खाली तेलकट, पुटकुळ्या आलेली कातडी आणि बटाट्यासारखं नाक. तोंड पडलं माझं. डॉक्टरांनी बसवून नीट सांगितलं, की बरीचशी सूज दोन-तीन महिन्यांत जाते, पण शेंड्याची वर्षभरही रेंगाळते, आणि आपल्याकडे जाड कातडीची नाकं पुष्कळ, त्यांना आणखी उशीर. शेंडा बधिर असणं, पुढचे दात लाकडासारखे वाटणं यातही काही वावगं नाही म्हणाले. छेदाच्या रेषेला ऊन लागू द्यायचं नाही.

चष्मेवाल्यांनी एक लक्षात घ्या: हाड तासलेल्या नाकावर चष्म्याचं ओझं काही आठवडे चालत नाही. मी फ्रेम कपाळाला चिकटपट्टीने टांगून वह्या तपासल्या. आणि नथ! चमकी ऑपरेशनआधीच काढायला लावतात. गौरी आल्या तेव्हा चमकीचं भोक बुजत आलेलं, दाबाच्या नथीलाही मनाई. हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना वाटलं मी रुसले आहे.

पैशांचं आधी लिहून घ्या. पॅकेज म्हणाले, पण टाके काढणं आणि ड्रेसिंग वेगळं लावलं, ते बिलाच्या खिडकीवर कळलं. रक्कम फार नव्हती, सांगण्याची पद्धत खटकली. नुसतं दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनला मेडिक्लेमही मिळत नाही.

पाचपैकी चार तारे. त्यातले दोन एकट्या सिस्टरचे. पाचवा मराठी कागद छापाल तेव्हा.