स्प्रिंगची एक्सएमएल फाइल आटवली: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमचं बिलिंगचं ॲप्लिकेशन स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या पहिल्या पिढीतलं. मुख्य कॉन्टेक्स्ट फाइल, म्हणजे कोडचे भाग एकमेकांना कसे जोडायचे ते सांगणारी एक्सएमएल फाइल, साडेतीन हजार ओळींची. नवी सर्व्हिस जोडायची म्हणजे शेजारची बीन (स्प्रिंग सांभाळतं त्या ऑब्जेक्टची नोंद) उचलायची, चिकटवायची आणि नावं बदलायची. सगळं जावा कॉन्फिगमध्ये (हीच जोडणी जावा कोडमध्ये लिहिणं) हलवायला वेळ नव्हता आणि भरवशाच्या टेस्टही नव्हत्या. म्हणून एक्सएमएल ठेवूनच त्यातली पुनरुक्ती काढायला घेतली.

सर्वांत मोठा फायदा ट्रान्झॅक्शनमध्ये (डेटाबेसातले बदल सगळे टिकतात किंवा सगळे रद्द होतात) झाला. आमच्याकडे प्रत्येक सर्व्हिसच्या दोन बीन होत्या, एक खरी आणि एक ट्रान्झॅक्शन-प्रॉक्सी-फॅक्टरी-बीन, म्हणजे तिच्याभोवती ट्रान्झॅक्शन लावणारं आवरण. स्प्रिंग २.० मध्ये (२००६) स्किमावर आधारलेले नेमस्पेस (एक्सएमएलमधले तयार, आटोपशीर टॅग) आले, तेव्हापासून टीएक्स:अ‍ॅनोटेशन-ड्रिव्हन ही एकच ओळ आणि क्लासवर ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनोटेशन (कोडवर लावायची खूण) एवढं पुरतं. निम्मी फाइल इथेच गेली.

पण हे करताना जुन्या प्रॉक्सीतल्या नियमांची ओळ न् ओळ वाचा. तिथे एक्सेप्शनच्या (कोड चालताना उद्भवणाऱ्या चुकीच्या) नावाआधी वजाचं चिन्ह असेल तर तो रोलबॅकचा (केलेले बदल मागे घेण्याचा) नियम असतो. आमच्या काही सर्व्हिसना चेक्ड एक्सेप्शनवर (जे हाताळायला जावा भाग पाडतं) असा नियम लावलेला होता. अ‍ॅनोटेशन मात्र मुळात फक्त रनटाइम एक्सेप्शन आणि एररवरच रोलबॅक करतं, बाकी वेळी चक्क कमिट, म्हणजे बदल कायम. रोलबॅक-फॉर लिहायचं राहिलं असतं तर अर्धवट बिलं डेटाबेसात बसली असती. रिव्ह्यूमध्ये एका सहकाऱ्याने ते वजाचं चिन्ह पकडलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

पी-नेमस्पेसने प्रॉपर्टीचे टॅग एका ओळीत आले, वाचायला खूप बरं वाटतं. त्याला स्वतःची एक्सएसडी (टॅगची नावं तपासणारी व्याख्या) नाही, त्यामुळे साध्या एडिटरला चुकलेलं नाव दिसत नाही, ते ॲप्लिकेशन सुरू होतानाच कळतं. कन्स्ट्रक्टरसाठीचा सी-नेमस्पेस (३.१ पासून) मात्र मी काढून टाकला. स्प्रिंग ६.१ च्या आधी, पॅरामीटरची नावं वापरायची तर कोड डीबग माहितीसह किंवा पॅरामीटर्स पर्यायासह कंपाइल व्हावा लागायचा. आमच्या प्रॉडक्शन बिल्डमध्ये दोन्ही बंद होतं. अंडरस्कोर-शून्य, अंडरस्कोर-एक असे क्रमांक लिहिण्यापेक्षा पूर्ण कन्स्ट्रक्टर-आर्ग परवडला.

कॉम्पोनंट-स्कॅनने (२.५, २००७; खूण लावलेले क्लास आपोआप शोधणारा टॅग) आणखी बऱ्याच ओळी वाचवल्या, पण तिथेच आमचा एक आठवडा गेला. रूट कॉन्टेक्स्ट (सगळ्या ॲप्लिकेशनचा) आणि डिस्पॅचर सर्व्हलेटचा (वेबच्या विनंत्या हाताळणाऱ्या भागाचा) कॉन्टेक्स्ट, दोन्हींत तेच बेस पॅकेज स्कॅन होत होतं. परिणामी प्रत्येक सर्व्हिसच्या दोन प्रती तयार झाल्या. टीएक्सची ओळ रूटमध्ये होती आणि ती फक्त स्वतःच्या कॉन्टेक्स्टमधल्या बीननाच लागू होते. कंट्रोलरला (वेबची विनंती घेणाऱ्या क्लासला) मिळायची ती सर्व्हलेटकडची, ट्रान्झॅक्शन नसलेली प्रत. जेडीबीसी टेम्प्लेट (डेटाबेसशी बोलणारा क्लास) ऑटो-कमिटवर, म्हणजे प्रत्येक बदल लगेच कायम करत, चालू होतं, त्यामुळे मध्येच काही चुकलं की बिलाचा मथळा सेव्ह व्हायचा, ओळी नाहीत. कुठे एक एरर नाही! शेवटी सर्व्हलेटच्या स्कॅनमध्ये यूज-डिफॉल्ट-फिल्टर्स फॉल्स करून फक्त कंट्रोलर घेतले आणि रूटमधून कंट्रोलर वगळले. आता ट्रान्झॅक्शन व्यवस्थित आहेत.

प्रॉपर्टी-प्लेसहोल्डर (बाहेरच्या फाइलमधली मूल्यं भरणारा टॅग) दोन ठिकाणी लिहिला असेल तर इग्नोर-अनरिझॉल्व्हेबल तपासा. नाहीतर पहिलाच दुसऱ्याच्या कीवर अडून बसतो.

आज फाइल नऊशे ओळींवर आहे. डेटासोर्सचं जेएनडीआय लुकअप (सर्व्हरवरचं डेटाबेस-कनेक्शन नावाने शोधणं), शेड्यूलर आणि बाहेरच्या लायब्ररींच्या बीन मी मुद्दाम एक्सएमएलमध्येच ठेवल्या आहेत. त्या क्लासवर अ‍ॅनोटेशन लावणं आमच्या हातात नाही, आणि रात्री दोनला सर्व्हर बघणारा माणूस आधी तीच फाइल उघडतो. रिपोर्टच्या चाळीसेक बीन अजून ॲब्स्ट्रॅक्ट पॅरेंटवर (समान मजकुराच्या मूळ बीनवर) टांगलेल्या आहेत, त्यांना पुढच्या रिलीजनंतरच हात लावणार.